ऑपरेशननंतर फुफ्फुस ‘बसतं’ म्हणजे नक्की काय होतं?

परवा रात्री साडेअकराला फॅमिली ग्रुपवर एका रिपोर्टचा फोटो येऊन पडला, आतेभावाने टाकलेला. आत्याच्या पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. दुर्बिणीतून सुरू केलेलं, पण आत सगळं चिकटलेलं निघालं म्हणून शेवटी पोट उघडून करावं लागलं, उजव्या बरगडीखाली वीतभर छेद. छातीच्या एक्सरेच्या रिपोर्टमध्ये सगळ्यात खाली एक ओळ होती, दोन्ही बाजूंना ‘बेसल अ‍ॅटेलेक्टेसिस’. त्याने गुगल केलं, गुगल म्हणालं लंग कोलॅप्स, आणि मग काय विचारता, दहा मिनिटांत एका काकांनी मोठमोठ्या हॉस्पिटलांचे नंबर टाकले, मावशीने महामृत्युंजय मंत्राची ऑडिओ टाकली, कुणीतरी हळदीचा काढा सुचवला. मी भूल देणारी डॉक्टर, त्यामुळे फोन शेवटी माझ्याकडेच. “ताई, आईचं फुफ्फुस बसलंय म्हणे. पण ती तर चहा मागतेय गं, आणि नर्सशी भांडतेय.”

चहा मागतेय आणि भांडतेय हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा पसरून लिहितेय, कारण हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतंच.

आधी एक गोंधळ मिटवू

‘फुफ्फुस कोलॅप्स झालं’ असं आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना म्हणतो. एक म्हणजे अपघातात बरगडी मोडून वगैरे फुफ्फुसाच्या बाहेर, छातीच्या पिंजऱ्यात हवा शिरते आणि ती फुफ्फुसाला दाबून टाकते. त्याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात, त्यात बऱ्याचदा छातीत नळी घालावी लागते. आत्याला ते नव्हतं. तिला होतं ते अ‍ॅटेलेक्टेसिस, म्हणजे फुफ्फुसाच्या काही भागातल्या हवेच्या पिशव्या हवा नसल्याने मिटून गेल्यात. बाहेरून कुणी दाबलं नाही, काही फाटलं नाही, फुगा नुसता बसलाय. इथून पुढे मी ‘बसणं’ म्हणते ते याच अर्थाने.

उसासे टाकायचेच असतात

आपल्या फुफ्फुसात सरासरी ४८ कोटी वायुकोश असतात, एकेक कोश मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा, आणि आतून ओला. आता भाजीवाल्याकडची पातळ प्लास्टिकची पिशवी आठवा, ओल्या हाताने तिचं तोंड उघडायला किती वेळ चोळावं लागतं. ओल्या पातळ गोष्टींचा स्वभावच चिकटण्याचा. वायुकोश चिकटू नयेत म्हणून शरीर आतून एक साबणासारखा थर लावून ठेवतं, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. पण तेवढ्याने भागत नाही. आपण नेहमीचा श्वास घेतो साधारण अर्ध्या लिटरचा, त्याने सगळे कोश नीट उघडत नाहीत, काही हळूहळू मिटायला लागतात. मग दर पाचेक मिनिटांनी आपल्या नकळत एक दुप्पट मोठा श्वास घेतला जातो. तो उसासा. त्याने मिटलेले कोश उघडतात आणि साबणाचा थर पुन्हा पसरतो.

लहानपणी आम्ही असे श्वास सोडले की हीच आत्या खेकसायची, “तिन्हीसांजेला उसासे काय टाकताय?” तर आत्या, तो उसासा म्हणजे रडगाणं नव्हतं, फुफ्फुसाची झाडलोट होती.

भूल दिल्यावर पाच मिनिटांत

पूर्ण भूल दिली की पहिल्यांदा हे उसासे बंद होतात. त्यात स्नायू सैल करायचं औषध दिलेलं असतं, त्यामुळे छाती आणि पोटाच्या मधला जो पडदा आहे, श्वासपटल, तो ढिला पडून वर सरकतो, माणूस उताणा झोपलेला, पोटातलं सगळं सामान त्या पडद्यावर रेलतं. वजन जास्त असेल तर आणखीच. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तर पोटात गॅस भरतात, तो पडद्याला अजून वर ढकलतो. या सगळ्याखाली दबतो तो फुफ्फुसाचा पाठीकडचा, खालचा भाग. रिपोर्टमधला ‘बेसल’ शब्द म्हणजे हाच खालचा भाग.

हे कळायला वेळ लागला. लंडनमधले विल्यम पाश्चर नावाचे डॉक्टर (लसवाले लुई पाश्चर नव्हेत) घटसर्पाच्या पेशंटमध्ये श्वासाचे स्नायू लुळे पडून फुफ्फुस बसतं हे बघत होते, आणि १९०८ ते १९१० च्या सुमारास त्यांनी लिहिलं की पोटाच्या ऑपरेशननंतर फुफ्फुसाचं जे बिघडतं त्यात श्वास आत ओढायची ताकद कमी पडण्याचा मोठा वाटा आहे. तेव्हा ना सीटी स्कॅन होता ना ऑक्सिजन मोजायचं बोटावरचं क्लिप, तरी माणसाने बरोबर ओळखलं. मग १९६३ मध्ये अमेरिकेत बेंडिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की भुलेखाली मशीनने एकसारखे ठरावीक श्वास देत राहिलं तर रक्तातला ऑक्सिजन उतरत जातो, आणि मधेच मोठे श्वास दिले की पुन्हा चढतो. परत उसासाच. आणि १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये हेडेनस्टिएर्ना यांच्या टीमने भूल दिलेल्या माणसांना सरळ सीटी स्कॅनमध्येच घातलं. पाच मिनिटांत फुफ्फुसाच्या तळाशी राखाडी पट्टे दिसले.

या मंडळींच्या पुढच्या स्कॅनमधून हेही कळलं की पूर्ण भूल दिलेल्या दहापैकी जवळजवळ नऊ जणांमध्ये थोडंफार फुफ्फुस बसतंच. म्हणजे आत्याच्या रिपोर्टमधली ओळ ही बातमी नव्हतीच. बहुतेकांचं ते आपोआप उघडतं, कुणाला कळतही नाही. प्रश्न ज्यांचं उघडत नाही त्यांचा. बसलेल्या भागातून रक्त जातं पण तिथे हवाच नाही, म्हणजे फास्ट लोकल स्टेशनात न थांबता निघून जावी तसं ते रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जातं, आणि बंद पडलेल्या भागात कफ साचला तर न्यूमोनियाला आयतं घर.

मग एवढा ऑक्सिजन देताच कशाला?

हा प्रश्न तुम्ही विचारणार नाही कारण तुम्हाला वाटतं ऑक्सिजन जास्त म्हणजे चांगलाच. पण इथे एक गंमत आहे. साध्या हवेत पाचात चार भाग नायट्रोजन असतो. तो रक्तात फारसा शिरत नाही, कोशात बसून राहतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, नायट्रोजन तो रुमाल आहे. भूल देताना आम्ही तोंडावर मास्क ठेवून १०० टक्के ऑक्सिजन देतो, म्हणजे सगळे रुमाल उचलून फेकतो, त्यांच्या जागी ऑक्सिजन बसतो आणि रक्त त्याला चट्कन ओढून घेतं. कोश रिकामा, जागा गेली.

स्वीडनमधल्याच एका अभ्यासात (२००३) भुलेच्या आधी कुणाला १००, कुणाला ८०, कुणाला ६० टक्के ऑक्सिजन दिला. १०० वाल्यांच्या स्कॅनमध्ये फुफ्फुसाचा ५.६ टक्के भाग बसलेला, ८० वाल्यांमध्ये ०.६, आणि ६० वाल्यांमध्ये ०.२. झालं तर मग, ६० द्या!

थांबा. त्याच अभ्यासात हेही मोजलं होतं की श्वास थांबल्यावर रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांवर उतरायला किती वेळ लागतो. १०० वाल्यांना ४११ सेकंद, ८० वाल्यांना ३०३, ६० वाल्यांना २१३. माझ्यासारखीला घशात श्वासाची नळी घालायला कधी तीस सेकंद लागतात, पण कधी मान वाकत नाही, तोंड उघडत नाही, आणि तेव्हा ती जास्तीची तीन मिनिटं म्हणजे पेशंटचा जीव असतो. बसलेलं फुफ्फुस नंतर उघडता येतं हो, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला तर काय उघडणार? म्हणून मी झोपवताना तरी अजूनही १०० टक्केच देते. ऑपरेशन चालू असताना मात्र उगाच १०० वर ठेवायचं काही कारण नसतं, कारण तिथेही स्कॅन करून बघितलंय, मोठा श्वास देऊन उघडलेलं फुफ्फुस १०० टक्के ऑक्सिजनवर पाचेक मिनिटांत परत बसायला लागलं आणि ४० टक्क्यांवर चाळीस मिनिटांनंतरही बऱ्यापैकी उघडं होतं.

मग मशीननेच फुगवून ठेवा की

हे सगळ्यांनाच सुचलं. फुगा फुगवताना पहिली फुंकर सगळ्यात जड जाते, एकदा उघडला की सोपं. फुफ्फुसाचंही तसंच, ४० सेंटीमीटर पाण्याच्या खांबाएवढा दाब काही सेकंद धरला की बसलेले कोश फटाफट उघडतात. आणि उघडल्यावर बसू नयेत म्हणून श्वास सोडून झाल्यावरही आत थोडा दाब शिल्लक ठेवायचा, त्याला पीप म्हणतात, तोही त्याच सेंटीमीटरमध्ये मोजतात.

२०१३ मध्ये फ्रान्समधल्या ४०० पेशंटवरचा अभ्यास आला, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून. एका गटाला जुन्या पद्धतीने मोठे मोठे श्वास आणि पीप शून्य. दुसऱ्याला लहान श्वास, ६ ते ८ पीप, आणि दर अर्ध्या तासाने फुफ्फुस उघडायचा मोठा श्वास. मोठी गुंतागुंत पहिल्या गटात २७.५ टक्के लोकांना झाली, दुसऱ्यात १०.५. आमच्या क्षेत्रात दिवाळी झाली.

पण मग पुढच्याच वर्षी युरोपातून ९०० पेशंटचा अभ्यास आला, त्यात श्वासाचा आकार दोन्हीकडे सारखाच लहान ठेवला आणि फक्त पीप बदललं, एकीकडे १२ आणि मधूनमधून उघडायचा मोठा श्वास, दुसरीकडे जेमतेम २. निकाल ४० टक्के विरुद्ध ३९ टक्के. म्हणजे काहीच फरक नाही, उलट जास्त दाबवाल्यांचं बीपी जास्त वेळा पडलं, कारण छातीत दाब वाढला की हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं. (४० टक्के बघून घाबरू नका, त्यात ऑक्सिजन थोडा कमी भरला तेही गुंतागुंत म्हणून मोजलंय.) बरं लठ्ठ माणसांचं तर जास्त बसतं, त्यांना तरी फायदा होईल म्हणून २०१९ मध्ये जवळपास २००० लठ्ठ पेशंटवर पीप १२ विरुद्ध ४ करून बघितलं, २१.३ विरुद्ध २३.६ टक्के, हा फरक नशिबानेही पडू शकतो इतका बारीक.

मला विचाराल तर यात नवल काही नाही. टेबलावर आम्ही फुफ्फुस छान उघडून ठेवतो, स्कॅन काढला तर सुंदर दिसेल, आणि मग ऑपरेशन संपतं, नळी काढायच्या आधी परत १०० टक्के ऑक्सिजन देतो, नळी काढली की पीपही गेलं, आणि माणूस अर्धवट गुंगीत, पोटात दुखतंय म्हणून चिमणीसारखे श्वास घेत पडतो. लादी लख्ख पुसायची आणि मग चिखलाचे पाय घेऊन घरभर फिरायचं, असला प्रकार. स्कॅन चांगला दिसणं वेगळं आणि पेशंट आजारी न पडणं वेगळं, आणि या विषयातली निम्मी भांडणं हा फरक विसरल्यामुळेच होतात. लहान श्वास आणि बेताचं पीप एवढं बहुतेक भूलतज्ज्ञ आता करतात, त्याच्या पुढचा खेळ वॉर्डात असतो.

ते तीन बॉलचं खेळणं

वॉर्ड म्हटलं की ते आलंच. पारदर्शक प्लास्टिकच्या तीन नळकांड्या, आत रंगीत बॉल, एक पाइप. नाव इन्सेंटिव्ह स्पायरोमीटर. कल्पना रॉबर्ट बार्टलेट या अमेरिकन सर्जनची, १९७० च्या आसपासची, आणि कल्पना मुळात उसाशाचीच होती, पेशंटकडून खोल श्वास घेववायचा आणि डोळ्यांना काहीतरी बक्षीस दाखवायचं.

आता आत्याने काय केलं? फुंकलं. सगळे फुंकतात! बिलात ती वस्तू येते, कुणी समजावत नाही, माणसाला वाटतं फुग्यासारखं फुंकायचं असणार. फुंकून फुफ्फुस रिकामं होतं, आपल्याला भरायचंय. ओढायचं असतं, पाइप ओठांत घट्ट धरून आत ओढायचं, आणि तेही हळू. दुसरी चूक म्हणजे तिन्ही बॉल उडवायची शर्यत. त्या बॉलवर ६००, ९००, १२०० लिहिलेलं असतं, तो हवेचा वेग आहे, सेकंदाला इतके मिलिलिटर. जोरात हिसका दिला की तिन्ही बॉल टकाटक वर जातात आणि फुफ्फुसात हवा गेलेली असते थोडीशीच. एक किंवा दोन बॉल वर उचलून तसेच तरंगत ठेवायचे, भरपूर हवा भरेपर्यंत, मग तीन ते पाच सेकंद धरायचं, मग सोडायचं.

आणि संशोधन काय म्हणतं? पोटाच्या वरच्या भागातल्या ऑपरेशनांसाठी १२ अभ्यास, १८३४ पेशंट एकत्र करून २०१४ मध्ये आढावा घेतला गेला, या यंत्राचा वेगळा असा फायदा त्यात सिद्ध झाला नाही. अभ्यासही बरेचसे कच्चे होते. म्हणजे यंत्र टाकून द्या असं नाही. यंत्राशिवाय तोच खोल श्वास घेतला तरी चालतं, आणि यंत्र नुसतं उशाशी ठेवून काही होत नाही, एवढाच अर्थ.

अर्धा तास, पण ऑपरेशनच्या आधी

मला सगळ्यात आवडलेला अभ्यास हा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधली तीन हॉस्पिटलं, ४४१ पेशंट, पोटाचं मोठं ऑपरेशन ठरलेले. प्रमुख होत्या टास्मानियामधल्या फिजिओथेरपिस्ट इयांथी बोडेन. माहितीपत्रक दोन्ही गटांना दिलं. एका गटाला त्याशिवाय फिजिओने ऑपरेशनच्या आधी, एकदाच, अर्धा तास समोर बसवून सांगितलं की भुलेमध्ये तुमच्या फुफ्फुसाचं काय होणार आहे, म्हणून शुद्धीवर आल्या आल्या दर तासाला खोल श्वास घ्यायचे आणि खोकायचं, आणि तिथेच करून घेतलं. बस. नवीन औषध नाही, मशीन नाही. २०१८ मध्ये निकाल छापून आला: नुसत्या पत्रकवाल्यांमध्ये फुफ्फुसाची गुंतागुंत २७ टक्के, शिकवलेल्यांमध्ये १२.

आधी शिकवण्यात मेख आहे. शुद्धीवर आल्यावर माणूस गुंगीत असतो, दुखत असतं, तेव्हा सांगितलेलं कानावरून जातं, आणि सुरुवातीचे काही तास तर फुकट जातातच. आपल्याकडे ऑपरेशनच्या आधीच्या दिवशी फॉर्मवर सही, दागिने काढा, रात्री बारानंतर पाणी नाही, इन्शुरन्सचे कागद, एवढं सगळं होतं आणि श्वास कसा घ्यायचा हे राहून जातं. तेव्हा तुम्हीच विचारा, फिजिओला भेटता येईल का म्हणून. सिगारेट-बिडी असेल तर निदान चार आठवडे आधी बंद, ते वेगळं.

“टाके तुटतील ना?”

प्रत्येक आत्या-मामी हे विचारते. नीट घातलेले टाके खोकल्याने सहसा तुटत नाहीत, पण दुखतं हे खरं, आणि दुखतं म्हणूनच माणूस खोल श्वास टाळतो आणि कफ आत ठेवतो. उशी नाहीतर घडी केलेला टॉवेल छेदावर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरायचा आणि मग खोकायचं. आणि दुखत असेल तर सांगायचं. सहन करणं हा इथे गुण नाही, आपल्याकडच्या बायका दात-ओठ खाऊन गप्प पडून राहतात आणि तिसऱ्या दिवशी खाली फुफ्फुस बसलेलं निघतं. झेपेल तसं उठून खुर्चीत बसणं, चार पावलं चालणं, पलंगाची डोक्याकडची बाजू वर ठेवणं, हे सगळं त्या श्वासपटलावरचं ओझं उतरवायला. बॉस्टनमधल्या एका हॉस्पिटलने खोल श्वास, खोकणं, तोंडाची स्वच्छता, उठवून बसवणं, असं सगळं एकत्र नेमाने करायला घेतलं तर त्यांच्याकडे न्यूमोनिया २.६ टक्क्यांवरून १.६ वर आला. हा आधी-नंतरचा हिशोब आहे, चिठ्ठ्या टाकलेला नाही, त्यामुळे जरा जपूनच विश्वास ठेवा. पण दात घासण्यात नुकसान काय?

ताप आला म्हणजे तेच का?

आम्हाला कॉलेजात घोकून घेतलंय, ऑपरेशननंतर पहिल्या दिवशीचा ताप म्हणजे अ‍ॅटेलेक्टेसिस. २०११ मध्ये कुणीतरी बसून याचा पुरावा शोधला, आठ अभ्यास, ९९८ पेशंट, आणि दोघांचा संबंध सापडला नाही. ऑपरेशनच्या जखमेनेच शरीर तापतं बऱ्याचदा. तेव्हा ‘फुफ्फुस बसल्याचा ताप आहे’ म्हणून दुसरं कारण शोधणं थांबवू नये.

आणि उघडलंच नाही तर?

सॅच्युरेशन उतरायला लागलं, श्वासाचा वेग वाढला, बोलताना वाक्य तुटायला लागलं, तर ते आता रिपोर्टमधली ओळ राहिलेलं नाही, तेव्हा लगेच नर्सला-डॉक्टरांना सांगायचं. मग सीपॅप वापरतात, म्हणजे घट्ट मास्कमधून सतत थोडा दाब. इथे दोन अभ्यास शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. २००५ मध्ये इटलीत पोटाच्या ऑपरेशननंतर ज्यांचा ऑक्सिजन आधीच उतरला होता अशा २०९ लोकांवर केलेला: सीपॅपवाल्यांपैकी १ टक्का लोकांना परत नळी घालावी लागली, नुसत्या ऑक्सिजनवाल्यांपैकी १० टक्के. २०२१ मध्ये ४८०६ लोकांवर केलेला, यात मोठ्या ऑपरेशननंतर सरसकट सगळ्यांनाच सीपॅप: न्यूमोनिया, परत नळी किंवा मृत्यू यातलं काहीतरी झालेले ८.१ टक्के विरुद्ध ८.२, शून्य फायदा. आग लागलीय तिथे पाणी मारलं तर उपयोग, सगळ्या चाळीवर मारून काय होणार.

कफाचा बोळा अडकून फुफ्फुसाचा एक अख्खा खण बसला तर नातेवाईक म्हणतात श्वासनलिकेत दुर्बीण घालून काढा. कधी कधी लागतेच, पण १९७९ सालीच ३१ पेशंटवर तुलना करून बघितलीय, जोरदार छातीच्या फिजिओथेरपीपेक्षा दुर्बीण सरस ठरली नाही. अभ्यास छोटा आहे, पण बहुतेक ठिकाणी अजूनही आधी फिजिओ मग दुर्बीण असाच क्रम असतो.

आत्याला यातलं काहीच लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉलवर तिला श्वास ओढायला शिकवलं, दुखण्याचं औषध वेळेवर मागायला सांगितलं, दुपारी खुर्चीत बसवलं. तिसऱ्या दिवशी फोन केला तर पोटाशी उशी धरून बसलेली, सॅच्युरेशन ९६, आणि शेजारी तिचा नातू ते खेळणं घेऊन हिसक्यासरशी तिन्ही बॉल वर उडवून दाखवत होता. आत्या मला म्हणाली, “सांग गं या गाढवाला, हळू ओढायचं असतं.”